अडतीस पावलं

दवाखान्याच्या पायरीवर चपलांचे अकरा जोड होते आणि आत माणसं निघाली चौदा. माझा जोड धरून अकरा, मला धरून चौदा. दोनदा मोजलं. शहराच्या छावणी भागातल्या या डॉक्टरांकडे मी दर महिन्याला रक्तदाब दाखवायला येते, पायरीवरच्या चपला बघूनच आपला नंबर किती वेळानं लागणार ते ठरवते, आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही. आज चुकला, तोही तीन माणसांनी. कुणी म्हणेल, त्यात एवढं काय. पण जिचा सगळा जन्म आकडे जुळवण्यात गेला तिला न जुळणारा आकडा दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा छळतो. मी खोलीभर नजर फिरवली. बाकांवर दहा जण, मी उभी, आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसलेल्या तीन बायका, बाकावरच्या एका म्हाताऱ्याबरोबर गावाकडून आलेल्या. चपला चोरीला जातात म्हणून यांनी पिशवीत घातल्या असतील असं वाटून मी वाकून विचारलं, "चपला आत घेतल्यात का?" मधली माझ्याकडे बघून हसली. "नाय ओ बाई. घालतच नाय तर काढावं काय?" आणि तिनं पाय लुगड्याच्या घेरात ओढून घेतले. टाचांच्या भेगांत धुऊनही न निघणारी काळी माती होती.

माझ्या छातीत धडधडायला लागलं, आणि ते रक्तदाबाचं नव्हतं. तीन जोड. लासूर स्टेशन, मंगळवार, दुपारची वेळ, लावलेलं दार आणि दारात तीन जोड. कंपाउंडर नावं लिहून घ्यायला आला तेव्हा मी पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होते. "मॅडम, तुमचा नंबर लावू ना?" तो दारातून ओरडला. आज नको म्हटलं, आणि छावणीच्या बाजारातून नगर नाक्याकडे निघाले, आधी चालत आणि मग चक्क पळत. साठी उलटलेल्या बाईला ते शोभत नव्हतं. ओळखीच्या भाजीवालीनं "काय झालं ताई, कुणाला काय झालं?" म्हणून हाक मारली, तर मी हसत हात हलवला. तोंडावर हसू का होतं हे मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं. लासूरवरून जाणारी वैजापूरची एसटी नाक्यावर उभीच होती. खिडकीशी जागा मिळाली. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि संध्याकाळी सहाला नानासाहेबांकडे न्यासाची बैठक होती. तेवढ्या वेळात मला एकच गोष्ट बघून यायची होती: दोन वर्षांपूर्वी मी चुकले होते की नाही.

मी एकतीस वर्षं सांख्यिकी कार्यालयात काढली. नमुना पाहणी हे माझं काम. कुणाच्या घरात किती माणसं, किती भाकरी, किती जनावरं, हे विचारत मी अर्धा मराठवाडा फिरले आणि माणसं आकडा सांगताना कुठे फुगवतात, कुठे दडवतात हे मला वासावरून कळायला लागलं. निवृत्त झाले तसे नानासाहेब घरी आले. वाळूजला त्यांचा कारखाना आहे, आणि आईच्या, द्वारकाबाईंच्या नावानं त्यांनी एक न्यास काढलाय. दर वर्षी एक संस्था निवडायची आणि तिच्या पाठीशी उभं राहायचं. मात्र संस्था अशी हवी की जिचं नाव कुणी ऐकलेलं नाही, जिला पाटी नाही, जिचे फोटो छापून येत नाहीत. "मोठ्या संस्था आपोआप दिसतात हो ताई," ते म्हणाले होते, "बारक्या दिसत नाहीत. तुमची नजर द्या आम्हाला." मी दिली. आठ वर्षं देतेय. माझी रीत ठरलेली आहे: न कळवता जायचं आणि आत जायचं नाही. आत गेलं की खुर्ची येते, चहा येतो, पोरं उभी राहून स्वागतगीत म्हणतात आणि खरं काय ते सगळं त्या गीतात बुडून जातं. म्हणून मी दारात थांबते. पायरीवरच्या चपला मोजते, अर्जात लिहिलेल्या माणसांशी ताडून बघते, आणि निघून येते. चपला खोटं बोलत नाहीत, असं मी बैठकीत एकदा म्हणाले होते. नानासाहेबांना ते इतकं आवडलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगतात, आमच्या सुलेखाताई पायरीवरून संस्था ओळखतात. मी नको नको म्हणते आणि मनातून फुलते.

सत्यभामाबाईंचा अर्ज दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा माझी उत्सुकता चाळवली होती. लासूर स्टेशनला बाजारामागे एक खोली. शेतावर रोजानं जाणाऱ्या बायकांना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट द्यायचे, म्हणजे साप चावणार नाही. आणि चावलाच तर मांत्रिकाकडे न नेता मोटारसायकलवर मध्ये बसवून थेट दवाखान्यात पोचवायचं. एवढंच काम. साधं, नेमकं, कुणाला न सुचलेलं. दर मंगळवारी अडतीस बायका येतात, असं लिहिलं होतं. मी एका मंगळवारी गेले. दार लावलेलं, आतून कसलासा दबका आवाज, बहुधा रेडिओचा, आणि पायरीवर तीन जोड. पाच मिनिटं थांबले, परत फिरले. अहवालात लिहिलं, 'अडतीस नावं, तीन जोड. उपस्थिती फुगवलेली.' वाक्य छोटं आणि धारदार झालं म्हणून मी स्वतःवर खूश झाले होते, हेही मला आठवतं. यंदा त्यांचं पुन्हा पत्र आलं. हे शेवटचं विचारते आहे, नाही झालं तर पोळ्यानंतर खोली सोडून देणार, असं त्यात होतं. ते पत्र मी कालच नकाराच्या गठ्ठ्यात घातलं, जुन्या अहवालाचा हवाला देऊन. बैठकीत त्यावर कुणी बोलणार नव्हतं. माझ्या 'नाही'वर कुणी बोलत नाही.

पडेगाव गेलं, मिटमिटा गेलं. शरणापूर फाट्याला गाडी वळली तशी दोन्हीकडे मका आणि कपाशी सुरू झाली, आणि कपाशीत वाकलेल्या बायका. मी खिडकीतून त्यांचे पाय शोधत होते. गाडीतून पाय दिसत नाहीत, पीक मध्ये येतं. तरी मी मान वाकडी करकरून बघत होते आणि शेजारचा माणूस माझ्याकडे बघत होता. गंमत अशी की मला भीती वाटायला हवी होती. मी चुकले असेन तर नुसती लासूरला चुकले नव्हते; माझी रीतच चुकली होती, आणि तिच्यावर आठ वर्षांचे निकाल उभे होते. पण भीतीच्या जागी मला काहीतरी वेगळंच होत होतं. चष्म्याचा नंबर बदलून पहिल्यांदा रस्त्यावर आलं की झाडाला सुटी सुटी पानं दिसायला लागतात ना, तसं. ज्यांच्या पायात काही नाही अशा बायकांना बूट देणारी संस्था, आणि मी तिथली गर्दी चपलांवरून मोजली! मी मोठ्यानं हसले. शेजारच्या माणसानं पिशवी मांडीवर घेतली आणि जरा सरकून बसला.

ही मोजायची खोड मला छावणीच्या विहारात लागली. माझे वडील, रामकिसन त्यांचं नाव, लष्कराच्या बंगल्यांवर माळीकाम करायचे आणि पौर्णिमेला विहारात सगळी व्यवस्था बघायचे. सात वर्षांच्या मला त्यांनी दारात बसवलं, चपलांवर लक्ष ठेवायला. बसून बसून करायचं काय, म्हणून मी मोजायला लागले. एका वैशाखी पौर्णिमेला वंदना संपल्यावर मी धावत जाऊन त्यांना सांगितलं, "बाबा, एकशे सव्वीस!" त्यांनी ते तसंच माईकवर सांगितलं: आज एकशे सव्वीस उपासक-उपासिका हजर आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा आकडा माईकवरून, भोंग्यातून, सगळ्या छावणीला ऐकू गेला होता. त्या दिवशी मी जी झाले तीच पुढे राहिले. एसटीत बसून मी ते दार पुन्हा बघत होते, दुमडलेले अंगठे, झिजलेल्या टाचा, कुणाचे नवेकोरे बूट, आणि तेवढ्यात मला आठवलं. त्या दिवशी आई आत होती. बांधकामावरून, विटा वाहून, ती थेट विहारात आली होती. पदरानं तोंड पुसत माझ्या डोक्यावर हात ठेवून आत गेली होती. पायांना चुना लागलेला. आईनं कामावर कधी चपला घातल्या नाहीत. म्हणजे त्या एकशे सव्वीसात माझी आई नव्हती. माझ्या पहिल्या आकड्यात, ज्याला टाळ्या पडल्या, माझी स्वतःची आई मी धरली नव्हती, आणि ती आतमध्ये बसून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकलं. रडू येत होतं आणि आतून एक उकळीही येत होती, दोन्ही एकदमच. जवळजवळ साठ वर्षं एक दार मला बंद वाटत होतं आणि ते नुसतं लोटलेलं होतं.

लासूरला उतरले तेव्हा कांद्याचा वास नाकात शिरला. बाजाराच्या मागची खोली सापडली. पायरीवर यावेळी एकच जोड होता. तो बघितल्यावर माझे पाय सवयीनं थबकले. मग मी कडी वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या संस्थेची कडी वाजवली. दार उघडलं ते पन्नाशीच्या, उंच, कपाळावर आठी घातलेल्या बाईनं. "सत्यभामाबाई?" "व्हय. आपण?" मी न्यासाचं नाव सांगितलं तशी आठी आणखी खोल गेली. "या. बसा. नाय म्हनायला एवढ्या लांब कशाला आलाव? पत्र धाडलं असतं तरी चाललं असतं." खोलीत एक सतरंजी, एक मडकं, कोपऱ्यात बुटांचे सहा जोड, चिखल धुऊन पालथे घातलेले. सहा जोडांवर दोन वर्षं रेटलं, त्या म्हणाल्या. पाळी लावून घालतात बाया, आज हिचं, उद्या तिचं. मी एका दमात विचारलं: दोन वर्षांपूर्वी, सोळा जुलैला, मंगळवारी दुपारी, इथं कोण कोण होतं? माझ्या आवाजातली घाई त्यांना विचित्र वाटली असणार. त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं, मग भिंतीतल्या फडताळातून दोरीनं बांधलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढला आणि माझ्यासमोर सोडला.

वर्तमानपत्राच्या प्रत्येक पानावर पेन्सिलनं काढलेलं एक पाऊल होतं. उजवं पाऊल. माणूस कागदावर उभा करून भोवतीनं पेन्सिल फिरवायची तसं. कडेला नाव. "बुटाचं माप घेतलं त्या दिवशी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "नंबर कुणाला ठावं असतेत? कधी दुकानात गेल्याच नायत. म्हनलं शेजाऱ्यांकडनं त्या दिवसाचे पेपर गोळा करावं अन् त्यावर उभं करावं. पायाला पेन्सिल लागली की गुदगुल्या व्हायच्या, अन् शेजारी कांद्याच्या अडतीवर सगळी गडीमाणसं, म्हणून दार लावून बाया तोंडात पदर कोंबून हसत व्हत्या. लई हसल्या त्या दिवशी." तो माझा रेडिओ. मी पानाच्या वरची तारीख बघितली: सोळा जुलै. दुसरं पान, सोळा जुलै. मी गुडघ्यांवर बसले आणि सतरंजीवर पानं मांडत गेले. रुंद पंजे, फाकलेली बोटं, एकाची करंगळी वाकडी, एक पाऊल इतकं लहान की पोरीचं वाटावं. सतरंजी संपली, मी फरशीवर मांडत गेले. एकतीस, बत्तीस. मला धाप लागली होती. सत्यभामाबाई आता कमरेवर हात ठेवून बघत होत्या. छत्तीस, सदतीस, अडतीस.  मला आनंद झाला. लाज वाटायच्या आधी आनंद झाला, हे कबूल करते. अर्जातला आकडा खरा होता, एकाही माणसानं फुगवलेला नव्हता, आणि जगात एक खरी गोष्ट जास्त होती, जी सकाळी मला माहीत नव्हती. तीन जोडांचंही कळलं: दोन शाळेत स्वयंपाकाला जाणाऱ्या बायकांचे, एक सत्यभामाबाईंचा.

मी तिथूनच नानासाहेबांना फोन लावला. शब्द एकमेकांवर आपटत होते. त्यांनी शांतपणे ऐकलं. "ताई, मग देऊ की लासूरला. सहाची बैठक फक्त कागदापुरती. तुम्ही एवढंच करा, तो जुना अहवाल काढून नवा लिहा. उगीच उकरायला नको." मी म्हटलं, जुना राहू द्या, त्याच्याखाली मी चुकले असं लिहिते. ते म्हणाले, "असं लिहिलं तर लोक विचारतील, बाकीच्यांचं काय." विचारू दे, मी म्हटलं, मीही तेच विचारतेय. लासूर सोडून नाकारलेल्या एकोणीस आहेत. आणि निवडलेल्या आठांकडे दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, मला नको. "ताई, आठ वर्षं आम्ही तुमच्या शब्दावर..."  मग जरा हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही खुशीत वाटताय. मला कळत नाहीये." मलाही पुरतं कळत नव्हतं. पण हो, होते.

फोन ठेवून वळले तर दारात एक बाई उभी होती. पायात बूट होते, एका बुटातून चिंध्यांचं टोक बाहेर आलेलं, आणि ती बुटांसकटच आत आली. बहुतेक सगळं ऐकलं होतं तिनं. "ही गीताबाई," सत्यभामाबाई म्हणाल्या. "वावरावावरात फिरून हीच बायांना सांगते." गीताबाई खाली टेकली आणि उजवा बूट ओढून काढला. आत अर्धंच पाऊल होतं. बोटं नव्हती. "पोरसालच्या आदल्या साली, कपाशी येचताना," ती म्हणाली, "घोणस. अंगठ्याला डसली. जीव वाचला, दवाखान्यात लगीच नेलं ह्या बाईंनी. ह्या पायाकडं बघून बाया मुकाट बूट घालतेत, जास्त बोलावं लागत नाय." ती हसली. सत्यभामाबाईंनी फरशीवरच्या पानांतून एक उचलून तिच्यापुढे धरलं. कडेला गीताबाईचं नाव होतं. पाचही बोटं नीट काढलेली, अंगठा जरा मोठा. गीताबाईनं ते पान हातात घेतलं, बोटानं रेघेवरून एकदा फिरवलं आणि म्हणाली, "असा व्हता व्हय."

 मी मनात महिने मोजले, नको असताना मोजले. त्याच सालच्या जुलैत मी दारातून परत गेले. दिवाळीच्या सुमाराला कपाशी वेचतात. मध्ये चार महिने होते, आणि त्या चार महिन्यांत अडतीस जोड येऊ शकले असते, मी कडी वाजवली असती तर. फोनवरचं 'चुकले' या दोघींनी ऐकलं होतं, पण कुठं चुकले ते त्यांना ठाऊक नव्हतं. न्यासाला जमलं नाही एवढंच त्यांना गेलेल्या पत्रात होतं. बोलले नसते तरी चाललं असतं. बूट येणारच होते. पण दुपारभर मी ज्या आनंदात तरंगत होते तो इथं येऊन तोंड लपवणार असेल तर तो काय कामाचा? मी गीताबाईंच्या समोर बसले आणि सांगितलं. मंगळवार, दार, तीन जोड, धारदार वाक्य. "तुमचे बूट मी अडवले, गीताबाई. आत येऊन बघितलं नाही."  अडतीवर कुणीतरी भाव पुकारत होतं. सत्यभामाबाईंनी तोंड फिरवलं. गीताबाई माझ्या पायांकडे बघत राहिली, मग पायरीवर काढलेल्या माझ्या चांगल्या, नव्या पट्ट्याच्या चपलांकडे, आणि तिनं विचारलं, "असंच मोजून आनखी कुठं कुठं नाय म्हनलंय तुमी?"

"अजिंठ्याला एक," मी म्हणाले. "आणि बाकी ठिकाणी अठरा."

गीताबाईनं कागद घडी करून सत्यभामाबाईंच्या हातात दिला, चिंध्या सारख्या केल्या, बूट पायात चढवला आणि भिंतीला धरून उठली.

"तिथंबी कुनीतरी असंल ना माझ्यावानी, अजून पाय शाबूत असलेली," ती म्हणाली. "मग इथं बसून काय करायलाव? उठा की."